तोल सावरला, तेरीज जुळेना

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी दादाला वॉर्डाच्या बोळातून चालून दाखवायला सांगितलं. एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत, सरळ रेषेत दहा पावलं. मग बोट स्वतःच्या नाकाला, तेच बोट डॉक्टरांच्या बोटाला. जरा डुलला, पण पडला नाही. ‘हातापायाला काही झालेलं नाही, नशीबवान आहात. महिन्याभराने कामाला लागा,’ डॉक्टर म्हणाले. वहिनीने तिथल्या सिस्टरांना पेढे दिले.

झटका, म्हणजे स्ट्रोक, लहान मेंदूत आला होता. पहिल्या दिवशी गरगरणं आणि उलट्या एवढंच होतं, म्हणून सकाळभर आम्ही पित्त समजून लिंबू-पाणी पाजत बसलो. ती आमची चूक. पुढचं सगळं मात्र वेळेत आणि नीट झालं, हे आधीच सांगून टाकते, कारण हा लेख डॉक्टरांवर राग काढायला लिहिलेला नाही.

दादा एका पतसंस्थेत एकवीस वर्षं हिशेब लिहितो आहे. सांगितल्याप्रमाणे महिन्याने तो रुजू झाला. रोजकीर्द लिहायला लागला, खतावणी करायला लागला, आणि महिनाअखेर आली तेव्हा तेरीज, म्हणजे जमा-नावेच्या बेरजांचा ताळा, जुळेना. एक व्हाउचर दोनदा चढलेलं, दुसरं एकदाही नाही. काउंटरवरून कुणी हाक मारली की वहीत आपण कुठल्या ओळीवर होतो ते त्याला सापडत नसे. सहकारी म्हणाले, थकवा आहे. दुसऱ्या महिन्यात म्हणाले, लक्ष नाही. चौथ्या महिन्यात कुणीतरी ‘आजारपणाचा फायदा घेतोय’ असं म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं.

घरीही काहीतरी बिनसलं होतं, पण त्याला नाव नव्हतं. चहा ठेवला तर साखर, दूध, आलं सगळं पडायचं आणि पावडर राहायची. काही विचारलं तर उत्तर यायचं, बरोबरही असायचं, पण वहिनी म्हणते तसं, ‘ते येईपर्यंत माझी एक पोळी लाटून होते.’ एका नातेवाइकाच्या तेराव्याला त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने असा विनोद केला की दोन घरांशी अजून बोलणं नाही. माझा भाऊ आयुष्यात कधी चारचौघांत आगाऊ बोलला नव्हता. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून माझ्या कानाला आणखी एक गोष्ट खटकायची. ‘चावी सापडला का?’ असं तो अधूनमधून बोलायचा. मराठीत नाम, विशेषण, क्रियापद सगळी लिंगाच्या दोरीने बांधलेली असतात. ती दोरी कुठेतरी सैल झाली होती. पण आवाजात गोंधळ नाही, जीभ जड नाही, शब्द आठवत नाहीत असंही नाही. कुणाला काय सांगायचं?

हे सगळं सांगितलं ते माझ्या म्हणण्यासाठी. आपल्याकडे झटका म्हणजे लकवा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तरच झटका. आणि हात उचलला, पाय टाकला की माणूस बरा. लहान मेंदूच्या रुग्णाला हे माप लावलं तर हमखास चुकतं. माझं म्हणणं असं की लहान मेंदूचा झटका आलेल्या प्रत्येक रुग्णाची विचारशक्तीची तपासणी घरी सोडण्याआधी आणि पुन्हा तीन महिन्यांनी व्हायला हवी, तिचा निकाल डिस्चार्ज कार्डावर लिहिला जायला हवा, आणि काही कमी निघालं तर त्यावरच्या उपचाराचा खर्च फिजिओथेरपीइतकाच हक्काचा मानला जायला हवा.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात अनुमस्तिष्काची, म्हणजे याच लहान मेंदूची, दोन कामं दिलेली असतात: हालचालींत सुसूत्रता आणणं आणि शरीराचा तोल सांभाळणं. माझ्या शेजारच्या वर्गात दरवर्षी मुलं हे घोकताना मी ऐकते. ते चूक नाही, जुनं आहे. फ्रान्समध्ये फ्लुरांस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्ष्यांवर प्रयोग करून लहान मेंदू हालचालींशी जोडला. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरने डोक्याच्या मागच्या भागाला गोळी लागलेले सैनिक तपासले आणि त्यांचे थरथरते हात, झोकांड्या खाणारी चाल इतकी बारकाईने नोंदवली की पुढची कित्येक दशकं दुसरं काही पाहायची गरजच कुणाला वाटली नाही. जो सैनिक धड उभा राहू शकत नाही त्याला, बाबा रे, तुझा हिशेब जुळतो का, असं कोण विचारणार?

शंका आली ती १९८० च्या दशकात. अमेरिकेत सेंट लुईसमध्ये निरोगी माणसांना एक नाम द्यायचं आणि त्याला साजेसं क्रियापद सांगायला लावायचं, असा साधा खेळ मेंदूची छायाचित्रं घेत खेळला गेला. चेंडू म्हटलं की फेकणं. तोंडाची हालचाल वजा केली तरी उजव्या बाजूचा लहान मेंदू कामाला लागलेला दिसत होता. मग १९९८ मध्ये बॉस्टनच्या जेरेमी श्माहमन आणि जॅनेट शर्मन यांनी फक्त लहान मेंदूला इजा झालेल्या वीस रुग्णांचा अभ्यास छापला. आखणी करता न येणं, एका कामावरून दुसऱ्यावर मन वळवता न येणं, जागेचा आणि आकाराचा अंदाज चुकणं, बोलण्यातला चढउतार जाणं, व्याकरण ढिलं पडणं, आणि स्वभाव एकतर कोरडा होणं किंवा नको तिथे मोकळा सुटणं. या सगळ्या जुडग्याला आता श्माहमन यांचंच नाव मिळालं आहे. ती यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दादाचं तेरावं, चहा आणि चावी एकाच पानावर सापडली.

श्माहमन यांनी त्याला विचाराची मापचूक म्हटलं आहे. लहान मेंदूच्या रुग्णाचा हात पेल्याकडे जातो तेव्हा पेल्याच्या अलीकडे थांबतो किंवा पलीकडे जातो. हात लुळा नसतो, माप चुकतं. विचाराचंही तसंच. मला स्वतःला तबला जास्त पटतो. गवय्याचा गळा शाबूत आहे, चीज पाठ आहे, पण ठेका मागेपुढे व्हायला लागला की समेवर येणं अवघड होतं. मेंदूतल्या जोडण्या तशाच आहेत: लहान मेंदूच्या मागच्या भागातून निघालेला निरोप मेंदूच्या मध्यावरच्या थॅलॅमसमधून कपाळामागच्या भागापर्यंत जातो आणि तिथून परत येतो. मधेच बाजू बदलते, उजवा लहान मेंदू डाव्या मोठ्या मेंदूशी बोलतो. म्हणून उजवीकडे इजा झाली तर भाषा जास्त भोगते. दादाची इजा उजवीकडची होती.

आणि ‘लहान’ हा शब्दच मुळात घात करतो. मेंदूच्या साधारण दहाव्या हिश्श्याचा हा भाग. पण ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पेशी मोजल्या तेव्हा मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत निघाल्या. मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थरात, जिथे आपण सगळी अक्कल साठवली आहे असं समजतो, तिथे सोळा. इतक्या पेशी फक्त सायकलवर तोल सांभाळायला ठेवल्या असतील का?

मग हे दवाखान्यात दिसत का नाही? कारण तिथली फूटपट्टी हातापायांची आणि मोठ्या मेंदूची आहे. जगभर झटक्याची तीव्रता ज्या एनआयएचएसएस पट्टीने मोजतात, तिच्यात उभं राहून तोल जाण्याला गुणच नाहीत. लहान मेंदूच्या झटक्याने उठून बसता न येणाऱ्या माणसालाही तिच्यात शून्य मिळू शकतो, आणि शून्य म्हणजे काही नाही. स्मृतिभ्रंशासाठी १९७५ पासून वापरात असलेली तीस गुणांची छोटी चाचणी दादाची घेतली होती. वर्ष, वार, तालुका, जिल्हा, तीन वस्तू, शंभरातून सात वजा. त्याला अठ्ठावीस मिळाले. मी तर नेहमी एखादा वार चुकते.

सात महिन्यांनी आम्ही जिल्ह्याच्या गावी एका ऑक्युपेशनल थेरपिस्टबाईंकडे, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या बाईंकडे, गेलो. लहान मेंदूसाठी श्माहमन यांच्याच गटाने २०१८ मध्ये दहा छोट्या कसोट्यांची एक चाचणी काढली आहे, दहाएक मिनिटांत होते. बाईंनी त्यातल्या जमतील त्या मराठीत घेतल्या. एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी. दादा खेड्यात वाढलेला, गोठ्यात खेळलेला. गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, मांजर. थांबला. खिडकीबाहेर पाहिलं. वाघ. मग पुन्हा गाय. मग, एक भाजी सांगायची, एक धंदा सांगायचा, पुन्हा भाजी, पुन्हा धंदा. ‘वांगं. सुतार. बटाटा. कांदा. गवार.’ बाई म्हणाल्या, धंदा राहिला. तो म्हणाला, ‘हो, हो,’ आणि म्हणाला, ‘दोडका.’ वहिनी उठून पाणी प्यायला बाहेर गेली. सात महिने जे आम्ही आळस, थकवा, स्वभाव म्हणत होतो ते दोन मिनिटांत टेबलावर येऊन पडलं. त्या खोलीत त्याचं रडू आलं नाही मला, सुटल्यासारखं वाटलं.

आता विरुद्ध बाजू. एका ओळखीच्या डॉक्टरांशी मी यावर वाद घातला. त्यांचं पहिलं म्हणणं, वॉर्डात वीस रुग्ण आणि दोन निवासी डॉक्टर, कुठून आणायचा वेळ? दहा मिनिटं. आणि ती डॉक्टरांचीच असायची गरज नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचं पद धरलेलं आहे. ते भरा. नर्सला शिकवा. झटक्याची लक्षणं ओळखायच्या फलकांवर तोंड, हात, बोलणं आणि वेळ एवढंच असायचं, त्यात नंतर तोल आणि नजर ही दोन लक्षणं वाढवली गेलीच ना?

दुसरं म्हणणं जास्त वजनाचं होतं. ते म्हणाले, बऱ्याच जणांना फारसा त्रास होत नाही, काहींचा आपोआप निवळतो, आणि या चाचण्यांत निरोगी माणसंही नापास होतात. हे खरं आहे. जर्मनीसह काही ठिकाणी ती दहा कसोट्यांची चाचणी निरोगी लोकांवर घेतली तेव्हा वय आणि शिक्षण यांचा निकालावर बराच परिणाम दिसला. म्हणून तर मी तीन महिन्यांनी पुन्हा म्हणते. निवळणारं तोवर बरंचसं निवळतं, जे उरतं त्याच्या मागे लागायचं. पण निरोगी माणूस नापास होतो म्हणून चाचणीच नको, हे काही पटत नाही. चाचणी आपली करून घ्यायला हवी.

इथे मला मराठीची शिक्षिका म्हणून थोडं लांबवू द्या. एका अक्षराने सुरू होणारे शब्द सांगा, ही कसोटी इंग्रजीत सरळ आहे. मराठीत ‘क’ दिला तर ‘कागद’ धरायचा की नाही? ‘कुलूप’? ‘क्रिया’? आपल्याला ‘क’ म्हणजे बाराखडीतली एक पायरी, तिच्यापुढे अकरा उभ्या. बाईंनी दादाला काही न सांगता ‘क’ दिला आणि त्याने अर्धा मिनिट हेच विचारण्यात घालवलं. दुसरी कसोटी घनाचं चित्र काढायची. माझी आई चौथी शिकलेली, तिला निरोगीपणीही ते कधी जमलं नसतं. पण तीच आई सतरा ठिपके ते नऊची रांगोळी पाहून हुबेहूब उतरवायची. रांगोळीचे ठिपके जोडायला लावा आणि मग कुणाची नजर जागा चुकते ते बघा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने बौद्धिक चाचण्यांचा एक संच भारतीय भाषांत केला, फार चांगलं काम आहे. तो ज्या पाच भाषांत तयार झाला त्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी त्यात नव्हती. विद्यापीठांत मानसशास्त्र आणि भाषाविज्ञान हे विभाग एकाच आवारात असतात. आमच्या मराठीच्या प्राध्यापकांनी अभिजात दर्जाच्या सत्कारांतून वेळ काढून त्यांच्याशी एकदा बसायला काय हरकत आहे?

तिसरं म्हणणं डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं: असं कागदावर लिहिलं की त्या माणसाच्या कपाळावर ‘डोक्याने अधू’ शिक्का बसतो. नोकरी जाते, मुलीचं लग्न अडतं. या भीतीला मी हसणार नाही. पण शिक्का बसायचा तो बसतोच. नाव नसतं तेव्हा लोक आपलं नाव देतात, आणि ते ‘कामचुकार’ असतं.

उपचार असतो का? दादाच्या बाबतीत मी जे पाहिलं ते सांगते. ऑक्युपेशनल थेरपी म्हटलं की अजूनही लोकांना शिवणकाम-विणकाम वाटतं. वास्तविक या विद्येची भारतातली पहिली शाळा आपल्याच मुंबईत, केईएम रुग्णालयात, कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये सुरू केली. पण तालुक्याला आज विचारा कुणी आहे का.

बाईंनी कोडी सोडवायचं अ‍ॅप दिलं नाही. त्या म्हणाल्या, कोडी सोडवून माणूस कोडी सोडवण्यात हुशार होतो. त्यांनी दादाला त्याची वहीच आणायला सांगितली. ओळीखाली पट्टी ठेवायची. कुणी हाक मारली तर मान वर करायच्या आधी, आधी म्हणजे आधी, त्या ओळीसमोर पेन्सिलीने टिंब द्यायचं, मग ‘ओ’ द्यायची. हे एवढंसं टिंब शिकायला तीन आठवडे लागले, कारण माणसाचा स्वभाव आहे आधी ओ देण्याचा. प्रत्येक काम सुरू करताना स्वतःला ‘थांब’ म्हणायचं, काय करायचं ठरलं होतं ते मोठ्याने बोलायचं, टप्पे मोजायचे, शेवटी तपासायचं. ही पद्धत जगात इतरत्रही वापरतात. लहान मेंदूत रक्तस्राव झालेल्या एका माणसावर कॅनडात ती वापरली आणि तो कामावर परतला, असं २००८ मध्ये छापून आलं आहे. एकाच माणसाचा पुरावा आहे, मोठा नाही. या विषयात मोठे अभ्यास अजून थोडेच आहेत, आणि शोधल्याशिवाय रुग्ण सापडत नाहीत तोवर ते होणार तरी कसे?

चहाच्या ओट्यावरच्या फरशीवर वहिनीने पाच चित्रं चिकटवली. जिन्यावरून उतरताना त्याच्याशी बोलायचं नाही, हा घरातला नवा कायदा, कारण तोल सांभाळणं आता त्याला आपोआप जमत नाही, त्यालाही लक्ष लागतं, आणि लक्षाची थैली एकच. जेवल्यावर अर्धा तास झोप, लाड म्हणून नाही, औषध म्हणून. आणि वहिनीला बाईंनी एकटीला बसवून सांगितलं की तो तुमच्यावर रुसलेला नाही, आवाजातला चढउतार गेलाय. तीच माझ्या मते सगळ्यांत महागाची फी होती आणि ती कुठल्याच बिलात नव्हती.

बिलाचंच बोलायचं तर, महात्मा फुले योजनेचा आणि आयुष्मान भारतचा भर रुग्णालयातल्या उपचारांवर आहे. आयुष्मान भारतमध्ये घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस धरतात. दादाचं दुखणं आम्हाला कळलंच सातव्या महिन्यात. दर आठवड्याला दीड तासाचा एसटीचा प्रवास, वहिनीची बुडालेली रोजी आणि बाईंची फी, हे सगळं कुठल्या योजनेत बसतं? दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. दीर्घकालीन चेताविकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्स ही नावं आहेत, वाचा गेलेल्यांसाठी वेगळी जागा आहे. झटक्याने आखणी करण्याची ताकद गेली, हात-पाय-वाचा शाबूत, अशा माणसाला नेमकं कोणत्या रकान्यात बसवायचं ते दिव्यांग प्रमाणपत्राच्या बोर्डापुढच्या रांगेत कुणी सांगू शकलं नाही. त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये एक फार मोलाची तरतूद आहे: सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही, पगार तोच ठेवून दुसरं काम द्यावं लागतं. खाजगी नोकरांना आणि पतसंस्थेतल्या कारकुनाला ती सावली नाही. ती वाढवायला हवी.

आणि स्कूटर. दादा दुसऱ्या महिन्यापासून स्कूटर चालवत होता. कुणी विचारलंच नाही, ना दवाखान्यात, ना आम्ही. लायसन्सवर फोटो आहे, मुदत आहे, आणि ती अजून नऊ वर्षं आहे. बाईंनी एका ओळीत विचारलं, ‘उजवीकडून येणारी गाडी किती लांब आहे ते कळतं का?’ दादा बराच वेळ गप्प बसला. किल्ली आता वहिनीच्या डब्यात असते, गव्हाच्या.

पतसंस्थेचे व्यवस्थापक वाईट माणूस नाहीत. ते पहिल्यापासून म्हणत होते, ‘ताई, मला कळतंय काहीतरी आहे, पण संचालक मंडळापुढे ठेवायला एक कागद द्या.’ डिस्चार्ज कार्डावर होतं: शुद्ध चांगली, चाल चांगली, वाचा स्पष्ट. शेवटी थेरपिस्टबाईंनीच अर्धं पान लिहून दिलं, सोप्या मराठीत. याला एका वेळी एकच वही द्यावी. काउंटरला पाठ करून बसवावं. दुपारी अर्धा तास विश्रांती. बेरजा दुसऱ्याने तपासाव्यात, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. मंडळाने तो कागद वाचला, एका संचालकाने विचारलं ‘म्हणजे याला काय झालंय?’, व्यवस्थापकांनी तो पुन्हा मोठ्याने वाचला, आणि दादाचं टेबल मागच्या खोलीत, तिजोरीच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून लागलं.